सायनाइड आलं कुठून?

अ‍ॅल्युमिनियम कारखान्याच्या कचऱ्यात सायनाइड असतं म्हटलं की पहिला तर्क ठरलेला: धातू काढायला वापरत असतील, सोन्याला वापरतात तसं. मुळीच नाही. इथे सायनाइड कोणी विकत आणत नाही. ते भट्टीच्या अस्तरात आपलं आपण तयार होतं, आणि ते कसं, हेच खरं बघण्यासारखं आहे.

अ‍ॅल्युमिनियम काढण्याची पद्धत १८८६ पासून तीच. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (सोडियम, अ‍ॅल्युमिनियम आणि फ्लोरिनच्या क्षारात) अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, विरघळवून सुमारे ९६० अंश सेल्सिअसला त्यातून वीज सोडायची. धातू तळाशी साठतो. या भट्टीला पॉट म्हणतात. बाहेर पोलादी कवच, आत उष्णतारोधक विटा, त्यांवर कार्बनचे ठोकळे. काम चालू असताना थोडं सोडियम सुटं होतं आणि कार्बनच्या थरांमध्ये घुसतं. कार्बन फुगतो, तडकतो, फटींतून फ्लोराइडचे क्षार झिरपतात. वीज वाहून नेणाऱ्या सळयांसाठी कवचाला भोकं असतात, तिथून हवाही आत शिरते. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तापलेलं सोडियम आणि कार्बन एकत्र गाठ पडले की तोही सुटत नाही. तयार होतं सोडियम सायनाइड! म्हणूनच ते सळयांजवळ, कडेच्या भागात जास्त सापडतं, मधोमध कमी.

काही वर्षांनी अस्तर निकामी होतं, तेव्हा पॉट बंद करून ते फोडून काढतात. टनभर धातूमागे साधारण २० ते ३० किलो. अमेरिकेने १९८८ साली ते घातक कचऱ्याच्या यादीत घातलं. त्याला पाणी लागलं की त्यातल्या नायट्राइडमधून अमोनिया, कार्बाइडमधून मिथेन आणि सोडियममधून हायड्रोजन निघतो. अमोनिया नाकाला झोंबतो तरी. उरलेल्या दोघांना वासच नाही, आणि बंद जागेत ते साठले तर एक ठिणगी पुरते.

कॅनडात क्यूबेकमधल्या कारखान्यात हे अस्तर दळून पाण्याने आणि सौम्य कॉस्टिक सोड्याने धुतात. फ्लोराइड, सायनाइड द्रावात उतरतं. दाबाखाली तापवून सायनाइड मोडायचं, मग चुना घालायचा: कॅल्शियम फ्लोराइड खाली बसतं, कॉस्टिक परत मिळतं.

दुसरी वाट सिमेंटच्या भट्टीची. तिथल्या १४५० अंशांत सायनाइड टिकत नाही, कार्बन इंधन म्हणून जळतो, आणि फ्लोराइडमुळे क्लिंकर (दळून ज्याचं सिमेंट होतं ते भाजलेले खडे) कमी तापमानाला जमतो. 'कचऱ्यातून सोनं' छापाच्या बातम्या इथेच थांबतात. पण सोडियम जास्त झालं तर सिमेंटच बिघडतं, त्यामुळे अस्तर घालायचं ते मोजूनमापून, थोडं थोडं.