शिलाजीत : पारख व शुद्धता

हिमालयातील खडकांच्या भेगांतून उन्हाळ्यात पाझरणारा, पाण्यात विरघळणारा काळसर तपकिरी, राळेसारखा पदार्थ. मूळ संस्कृत संज्ञा ‘शिलाजतु’. जतु म्हणजे लाख. नाशिक परिसराचा खडक बेसाल्टचा आहे. त्यामुळे येथील काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे आणि सिंहस्थात गोदाघाटावर फडक्यावर मांडून विकले जाणारे शिलाजीत बाहेरून, अनेक हातांतून आलेले असते. शुद्धतेचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

उत्पत्ती : चरकसंहितेच्या रसायनाध्यायात, सूर्याने तापलेले धातुयुक्त पर्वत लाखेसारखा जो मल स्रवतात ते शिलाजतु, असे म्हटले आहे. संहितेचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत धरतात. दृढबल या नंतरच्या संस्कर्त्याने पूर्ण केलेल्या भागात हा अध्याय मोडत नाही, म्हणून हे वर्णन तुलनेने जुने मानण्यास हरकत नाही. चरक सुवर्ण, रौप्य, ताम्र व लोह असे चार प्रकार सांगतो आणि लोहज श्रेष्ठ मानतो; सुश्रुत त्यांत कथील व शिसे यांची भर घालतो. ही धातुनावे खडकातील खनिजांची की केवळ रंग व चव यांवरून पडलेली, यावर एकमत नाही. दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. रसरत्नसमुच्चय हा रसशास्त्राचा ग्रंथ (सु. तेरावे शतक) गोमूत्रगंधी व कर्पूरगंधी असे दोनच भेद करतो. त्यांपैकी कर्पूरगंधी म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार), असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर एकाच नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये नांदत होती, आणि जुन्या पाठांतील गुणधर्म वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. आधुनिक काळात बनारस हिंदू विद्यापीठातील शिबनाथ घोषाल यांच्या संशोधनाने वनस्पतिजन्य उत्पत्तीचा पक्ष बळकट केला : निवडुंगवर्गीय वनस्पतींचा चीक व शेवाळे खडकांत कुजून ह्यूमिक द्रव्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींपासून होणारी काळसर सेंद्रिय द्रव्ये, बनतात. त्यांपैकीच एक असलेल्या फल्व्हिक आम्लाचे शिलाजितातील मोठे प्रमाण या मताला पोषक आहे.

शोधन : कच्च्या मालात वाळू, वनस्पतींचे तुकडे व बुरशीची विषे असू शकतात. सूर्यतापी पद्धतीत त्याचा भुगा गरम पाण्यात व त्रिफळ्याच्या काढ्यात भिजवून कुसकरतात, दाट फडक्याने गाळतात व पसरट भांड्यात उन्हात ठेवतात. वर धरणारी काळी साय काढून घ्यायची, खाली बसलेला गाळ टाकायचा. साय धरेनाशी होईपर्यंत हीच क्रिया चालते. अग्नितापी पद्धत झटपट होते, पण आच वाढली की माल तळाला लागतो आणि जळका वास राहतो.

पारख : काचेच्या पेल्यात साधे पाणी घेऊन तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा न ढवळता सोडावा. चांगल्या शिलाजिताचे तांबूस तंतू सावकाश तळाकडे उतरतात. डांबर विरघळत नाही, माती तळाशी बसते. गूळ मात्र विरघळतो, म्हणून एवढ्यावर थांबू नये. निर्धूम निखाऱ्यावर ते धूर न करता लिंगाकार उभे राहते, अशी दुसरी कसोटी आहे. साखरही तापून काळी फुगते, त्यामुळे आकारापेक्षा धूर व करपलेल्या गुळाचा वास यांकडे लक्ष हवे. गोमूत्रासारखा वास हा पुरावा नव्हे. गोमूत्र घालूनच तो आणता येतो. लेबलावरील फल्व्हिक आम्लाची टक्केवारीही जपून वाचावी. आम्लात विरघळणारे सारेच फल्व्हिक धरणाऱ्या ढोबळ पद्धतीत साखरही त्यात मोजली जाते.

या कसोट्या द्रव्याची ओळख पटवतात. शिसे किंवा आर्सेनिक त्यांत दिसत नाही.

जड धातू व मात्रा : आयुर्वेदीय औषधकोशातील कमाल मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ अशा आहेत. दिवसाला ५०० मिलिग्रॅम घेतल्यास मर्यादेतील मालातूनही ५ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे पोटात जाऊ शकते. चरकाची किमान मात्रा एक कर्ष, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. तीच आज घेतली तर हा आकडा १२० वर जातो. ग्रंथोक्त मात्रा म्हणून ती कोणी सुचवली तरी घेऊ नये. बोटाने अंदाजे काढलेली गोळी सहज दुप्पट भरते, तेव्हा वजन करूनच घ्यावे. विक्रेत्याकडे मागायचा तो त्याच बॅचचा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, चारही धातूंचे आकडे देणारा अहवाल. नुसते ‘उत्तीर्ण’ लिहिलेला कागद पुरेसा नाही.

लैंगिक शक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कॅप्सुलांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातील औषध) मिसळल्याचे अनेक देशांत आढळले आहे. नायट्रेटची औषधे घेणाऱ्या हृदयरुग्णाचा रक्तदाब त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. तासाभरात ‘गुण’ देणाऱ्या शिलाजिताबद्दल म्हणूनच शंका घ्यावी. पथ्यात चरकाने कुळीथ वर्ज्य सांगितला आहे.

कायदा : आयुर्वेदीय औषध म्हणून विक्री असल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लागू होतो, आरोग्यपूरक म्हणून असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६, आणि लेबलावर १४ अंकी परवाना क्रमांक लागतो. दुसऱ्या प्रकारात कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. अहवाल १४ दिवसांत मिळावा अशी तरतूद असून माल नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते.