महाधमनीच्या फुगवट्याला गोळी का नाही?

मुतखडा पाहायला सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली निघावी, असं इंदूरच्या मराठी घरांत अधूनमधून ऐकू येतं. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ च्या पुढे गेली की तो ॲन्युरिझम. पुरुषांत साडेपाचपर्यंत बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. मग रामबागेतले आजोबा डॉक्टरांना विचारणारच, "अहो, मग गोळी का नाही देत?"

या आजाराकडे फार काळ झिजलेल्या नळीसारखंच पाहिलं गेलं. शल्यविशारद रूडॉल्फ निसेन यांनी १९४८ मध्ये आइनस्टाइन यांच्या फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. त्याने आसपासच्या ऊती चिडाव्यात आणि भोवती घट्ट व्रण धरावा, हा हेतू. म्हणजे दाह तेव्हा चक्क उपचार होता! १९५५ मध्ये तो फुगवटा फुटूनच आइनस्टाइन गेले. दरम्यान १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल ड्युबो यांनी फुगलेला भाग काढून मृत दात्याची धमनी बसवली होती. पुढे डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्या, स्टेंट आले.

काढलेल्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या तेव्हा त्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली आणि भिंतीला लवचीक ठेवणारे इलास्टिनचे धागे तुटलेले. या पेशी एमएमपी-९ सारखी विकरं सोडतात आणि ती हे धागे कुरतडतात. पण पेशींना बोलावतं कोण? पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला संदेशवाहक रेणू चिकटला की आत एनएफ-कप्पाबी हे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं, इंटरल्युकिन-६ सारखे रेणू तयार होतात आणि आणखी पेशी गोळा होतात. २००० मध्ये ॲलन डॉहर्टी यांच्या गटाने कोलेस्टेरॉल वाढलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक दिलं, तर त्यांच्या महाधमन्या फुगल्या. २०१३ मध्ये इंटरल्युकिन-६ च्या रिसेप्टरच्या जनुकातला, त्याचा संदेश क्षीण करणारा एक ठरावीक फरक असणाऱ्या माणसांत हा आजार कमी आढळला. मला हा पुरावा उंदरांपेक्षा वजनदार वाटतो.

कारण उंदरांनी आशा दाखवून फसवलं आहे. मारफान सिंड्रोम या महाधमनी फुगवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांत अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर अडवणाऱ्या लोसार्टनने २००६ मध्ये कमाल केली. २०१४ च्या चाचणीत मुलं आणि तरुणांमध्ये ते ॲटेनोलॉल या रक्तदाबाच्या जुन्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. एमएमपी रोखणाऱ्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकानेही पोटातल्या लहान फुगवट्यांची वाढ मंदावली नाही, हे २०२० मध्ये कळलं. आता नजर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर आहे. मधुमेहींत हा आजार कमी दिसतो, हे कोडं जुनंच. श्रेय मधुमेहाचं की त्याच्या गोळीचं, हे पाहायला मधुमेह नसलेल्यांवर चाचण्या सुरू झाल्या आहेत.