गोळ्यांची यादी आणि दंतवैद्य: पदवीनंतरच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

दात काढण्याआधी डॉक्टर विचारतात, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बाई सांगतात, "बीपीची एक, बस्स." त्या काही लपवत नाहीत. ठिसूळ हाडांसाठी वर्षातून एकदा शिरेतून घेतलेलं झोलेड्रोनिक ॲसिड त्यांच्या लेखी 'गोळी' नाही, म्हणून ते सांगायचं राहून जातं.

खरं तर प्रश्नच वेगळा हवा होता. गोळ्या, इंजेक्शनं, सलाइनमधून दिलेलं काही, गेल्या काही वर्षांतलं सगळंच विचारायला हवं. पण २००३ पूर्वी पदवी घेतलेल्या डेंटिस्टला कॉलेजात हे कोण शिकवणार होतं? त्या वर्षी अमेरिकी मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातली (झोलेड्रोनिक ॲसिड त्यातलंच) औषधं घेतलेल्या या रुग्णांच्या जबड्याचं हाड उघडं पडलं होतं आणि जखम भरत नव्हती. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत औषध दिलं असेल तर हा धोका जास्त, ठिसूळ हाडांसाठी दिलं असेल तर बराच कमी. तरी दात काढण्याआधी तो माहीत असावाच लागतो.

या अडचणीचं मूळ फार मागे आहे. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज सुरू झालं आणि दंतवैद्यकाने वैद्यकापासून वेगळी चूल मांडली. त्यातून कौशल्य वाढलं, स्वतंत्र ओळख मिळाली, पण तोंड आणि बाकीचं शरीर दोन वेगळ्या इमारतींत शिकवलं जाऊ लागलं. अमेरिकेतल्या दंतशिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२६ च्या गाइज अहवालाने दंतशिक्षण विद्यापीठांत, वैद्यकाच्या बरोबरीने हवं असं बजावलं.

मधल्या काळात दोघांची गाठ पडली ती चुकीच्या टोकाने. ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९०० पासून तोंडातल्या जंतुसंसर्गाला अनेक आजारांचं मूळ ठरवलं. त्या विचाराच्या लाटेत पुढची काही दशकं असंख्य लोकांचे वाचवता येण्याजोगे दात काढले गेले. पुढे लाट ओसरली, पण तिच्यातला खरा कण हाती राहिला. १९३५ मध्ये ओकेल आणि इलियट या संशोधकांनी दाखवलं की दात काढल्यावर जंतू खरोखरच रक्तात उतरतात. मग हृदयाच्या झडपा खराब असलेल्यांचं काय? १९५५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशा रुग्णांना दंतोपचाराआधी अँटिबायोटिक द्यायला सांगितलं. डेंटिस्टांच्या पिढ्या त्यावर घडल्या. २००७ मध्ये त्याच संस्थेने ही शिफारस अगदी मोजक्या, सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांपुरती आणली. पेनिसिलिन न चालणाऱ्यांना जे क्लिंडामायसिन सर्रास लिहून दिलं जायचं, तेही २०२१ मध्ये आतड्यांच्या गंभीर दुष्परिणामांमुळे यादीतून काढलं.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांची कथा मला याहून बोलकी वाटते. वॉरफरिन आधी उंदीर मारायला वापरत. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं. दात काढायचा तर ते आधी काही दिवस बंद करायचं, हा रिवाज पडला. डेंटिस्टच्या डोळ्यांसमोर रक्तस्राव असतो, मेंदूत अडकलेली गुठळी त्याला दिसत नाही, म्हणून भीती रक्ताचीच वाटायची. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने हिशेब उलटा मांडला: औषध थांबवल्यावर काही जण गुठळीमुळे दगावले होते. दाताच्या जागेतलं रक्त बहुतेक वेळा तिथल्या तिथे थांबवता येतं. विरघळणारी जाळी भरायची, टाका घालायचा, गॉजची घडी घट्ट चावून धरायला लावायची. आज ब्रिटनमधलं मार्गदर्शन सांगतं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं मोजमाप) ४ च्या खाली असेल तर साध्या उपचारांसाठी वॉरफरिन थांबवू नये. हे हातात बसतंय तोवर २०१० च्या सुमारास रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रानसारखी नवी औषधं आली, आणि त्यांना आयएनआरचं मोजमाप लागूच पडत नाही.

म्हणजे पदवीच्या वेळी बरोबर असलेलं उत्तर पुढे घातक ठरू शकतं, आणि तेही शिकवणाऱ्याची काही चूक नसताना. निरंतर शिक्षण, म्हणजे पदवीनंतरही चालू राहणारं शिक्षण, सक्तीचं करण्यामागचा खरा आधार हाच. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने ते पहिल्यांदा केलं. ब्रिटनमध्ये सक्ती २००२ मध्ये आली, आणि २००८ मध्ये विशेष काळजी लागणाऱ्या रुग्णांच्या दंतोपचाराला तिथे स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळाला.

सक्तीने सभागृहं भरली, पण तास मोजणं सोपं आणि शिकणं मोजणं कठीण. ब्रिटनने २०१८ मध्ये तासांच्या जोडीला प्रत्येकाने आपल्या कामाला साजेसा अभ्यासाचा आराखडा ठेवावा असा नियम केला. मला तो योग्य वाटतो. ज्याच्याकडे डायलिसिसवरचे रुग्ण येतात त्याने डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हिपॅरिनची वेळ आणि मूत्रपिंडावर ताण आणणारी वेदनाशामकं आधी शिकावीत, दात पांढरे करायचं नवं तंत्र मागून. आणि ते शिकण्यासाठी रुग्णाचा केस पेपर समोर ठेवून फिजिशियनबरोबर बसावं. १८४० मध्ये वेगळे झालेले दोघे तिथे एकाच टेबलाशी येतात.