‘ब्रॅट्स’ : १९३०चा आवाज आणि १९३७चा आवाज

लॉरेल-हार्डीच्या ‘ब्रॅट्स’मध्ये संवादांखाली सतत वाजणाऱ्या लीरॉय शील्डच्या खेळकर चाली चाहत्यांना पाठ असतात. मार्च १९३० मध्ये हा दोन रिळांचा लघुपट लागला तेव्हा त्या त्यात नव्हत्या. १९३७च्या पुनःप्रदर्शनात त्या घातल्या गेल्या.

निर्मिती हॅल रोचची, दिग्दर्शन जेम्स पॅरटचे, वितरण एमजीएमचे. पडद्यावर दोघेच, बापही तेच आणि पोरंही तेच. पोरांच्या दृश्यांसाठी घरातले सामानसुमान अवाढव्य आकारात बनवले होते.

त्या काळी अनेक थिएटरांत आवाज तबकडीवरून येई. तबकडी १६ इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे, सुई आतून बाहेर सरकणारी. एका बाजूत सुमारे ११ मिनिटे मावत, म्हणजे १००० फुटांचे एक रीळ. ऑपरेटर रिळावरची ‘स्टार्ट’ लिहिलेली फ्रेम प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो त्या चौकटीत, बसवी, सुई तबकडीवरच्या बाणाशी टेकवी आणि मगच मोटर सुरू करी. फिल्म तुटली, तर जेवढ्या फ्रेम गेल्या तेवढ्याच काळ्या फ्रेम जोडणे भाग असे. तसे न केल्यास चित्र पुढे धावे, संवाद मागे राहत. २४ फ्रेमना पूर्ण सेकंदाची चूक. शिवाय सुईने खाचा झिजत, म्हणून ठरावीक खेळांनंतर तबकडी बदलावी लागे.

संवादांखाली संगीत मिसळायचे, तर ध्वनिमुद्रण पुन्हा करावे लागे आणि दर वेळी खरखर वाढे. त्यामुळे सुरुवातीच्या बोलपटांत शांत जागा भरपूर. १९३७पर्यंत आवाज फिल्मच्या कडेला छापला जाऊ लागला होता, मिश्रण सोपे झाले होते आणि प्रेक्षकांना ती शांतता जुनाट वाटू लागली होती.

शील्डच्या चाली सुरेखच आहेत. तरीही हार्डी कॅमेऱ्याकडे हताशपणे पाहतो तो क्षण मूळच्या शांततेत जास्त हसवतो, असे आमचे ठाम मत आहे.

मूळचा आवाज परत आणायला जुनी तबकडी हाती आली, तरी पुनःप्रदर्शनाच्या प्रतीला ती जशीच्या तशी लावता येत नाही. श्रेयनामावली बदलली असेल तर तिची लांबी जुळत नाही, आणि झिजलेल्या प्रतीत सांध्यांपाशी फ्रेम गायब असतात. त्यामुळे दार आपटणे, भांडे पडणे अशा खणखणीत आवाजांवर खुणा करून तुकड्यातुकड्याने जुळवणी करावी लागते. या जोडीचा पहिला बोलपट, १९२९चा ‘अनअकस्टम्ड ॲज वुई आर’, तबकड्या सापडेपर्यंत कित्येक दशके मुकाच पाहिला जात होता.