एका टाकीतलं तेल: छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ऑइलची पार्श्वभूमी

छोट्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल बदलायची वेळ आली की पहिला घोळ डब्यावरूनच होतो. साधं आयएसओ 68 (68 हा दाटपणाचा आकडा) हायड्रॉलिक ऑइल स्वस्त मिळतं, गिअर ऑइल कुठेतरी पडलेलं असतं, आणि मॅन्युअलमध्ये तिसरंच काहीतरी छापलेलं असतं: सुपर यूडीटी, जे20सी, एम1141, एम2सी134. ही कुबोटा, जॉन डिअर, मॅसी फर्ग्युसन, फोर्ड अशा ट्रॅक्टर कंपन्यांच्या आपापल्या तेलांची किंवा निकषांची नावं. हे सगळं कंपन्यांनी आपलं तेल खपवण्यासाठी रचलंय असं म्हणणारे भेटतात. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण खरं कारण ट्रॅक्टरच्या पोटात आहे. तिथे एकच तेल चार-पाच कामं करतं, आणि ती कामं त्याच्या गळ्यात एकेक करून पडत गेली.

द्रवाच्या दाबाने जड काम करून घेण्याची युक्ती जुनी. जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट 1795 मध्ये घेतलं, आणि त्यानंतरचं शतकभर या यंत्रांमध्ये मुख्यतः पाणीच वापरलं गेलं. पाणी गोठतं, लोखंडाला गंज चढवतं आणि वंगणाचं काम जवळजवळ करत नाही. 1906 मध्ये ‘व्हर्जिनिया’ या अमेरिकी युद्धनौकेवरच्या तोफा फिरवायला हार्वे विल्यम्स आणि रेनल्ड जॅनी यांनी पाण्याऐवजी तेलावर चालणारी यंत्रणा बसवली. तिरक्या तबकडीने पिस्टन मागेपुढे करणारी ही रचना पुढे पुन्हा येणार आहे.

ट्रॅक्टरपुरता प्रश्न सुरू झाला तो हॅरी फर्ग्युसनपासून. नांगर किती जोराने ओढला जातोय हे ओळखून तो हायड्रॉलिकने आपोआप वरखाली करायचा, ही त्याची कल्पना. तिचं ब्रिटिश पेटंट 1926 चं. 1936 मध्ये फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टर आला आणि 1939 मध्ये हेन्री फोर्डशी झालेल्या समझोत्यातून फोर्ड 9एन. फोर्डने 1917 च्या फोर्डसनपासूनच वेगळी चासी काढून टाकली होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांची ओतीव घरंच एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचा सांगाडा तयार होई. त्या घरात गिअरसाठी तेल होतंच. मग लिफ्टच्या, म्हणजे नांगर उचलणाऱ्या यंत्रणेच्या, पंपाला वेगळी टाकी कशाला? पंप त्याच तेलात बसवला. 9एनमध्ये गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि हायड्रॉलिक मिळून सुमारे 19 लिटर तेल, सगळं एकत्र. (हा पंप पीटीओच्या, म्हणजे जोडलेल्या अवजारांना फिरवणाऱ्या, शाफ्टवर चाले, त्यामुळे क्लच दाबला की लिफ्टही थांबे. त्या काळच्या चालकांनी यावर काय काय ऐकवलं असेल ते सोडून देऊ.)

टाकी वाचली, पाइप वाचले, जागाही वाचली. पण गिअरच्या दातांना दाट तेल हवं असतं आणि पंपाला पातळ. सुरुवातीला पारडं गिअरच्या बाजूने झुकलं आणि सरसकट खनिज गिअर ऑइल भरलं जाऊ लागलं. थंडीच्या सकाळी असं तेल पंपाला ओढवत नाही. लिफ्ट हळू उठते आणि पंप घुरघुरतो. शिवाय गिअर झिजून निघालेला बारीक चुरा थेट पंपाच्या वाटेवर येतो.

तेलाचं काम सगळ्यात अवघड केलं ते ब्रेकने. कोरडे ब्रेक चिखलापाण्यात खराब होत, म्हणून ते तेलात बुडवण्याची पद्धत आली. 1960 मध्ये जॉन डिअर या अमेरिकी कंपनीने 3010 आणि 4010 हे ट्रॅक्टर आणले, त्यांत डिस्क ब्रेक तेलातच होते. ज्या तेलाने दातांवरचं घर्षण कमी करायचं, त्याच तेलात ब्रेकची तबकडी मात्र पकडली गेली पाहिजे. पकड कमी पडली तर ब्रेक घसरतो. पकड एकसारखी नसेल, तबकडी धरते-सोडते अशी झाली, तर ट्रॅक्टर थरथरतो आणि मागून कर्कश आवाज येतो. त्यामुळे घर्षण नेमकं हवं तेवढंच ठेवणारं काहीतरी तेलात मिसळणं भाग होतं.

ते ‘काहीतरी’ स्पर्म व्हेलच्या शरीरात सापडलं. जॉन डिअरच्या ‘303’ या खास तेलात स्पर्म व्हेलचं तेल असे. रचनेने ते मेणासारखं, मोठ्या दाबाखालीही धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारं. मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलातही तेच वापरलं जाई. 1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, पाठोपाठ 1972 आणि 1973 चे संरक्षक कायदे आले, आणि वंगण बनवणाऱ्यांना पर्यायी रसायनं शोधावी लागली. जॉन डिअरने 303 मागे घेतलं. त्याच्या जागी जे20ए आणि पुढे जे20सी हे निकष आले.

गंमत म्हणजे 303 मेलं नाही. निकष रद्द झाल्यावर त्याच्याशी ताडून पाहणारंही कुणी उरलं नाही, आणि म्हणूनच तो आकडा डब्यावर छापायला कुणाचीच आडकाठी राहिली नाही. अमेरिकेत पिवळ्या बादल्यांतून ‘303’ नावाची स्वस्त तेलं कित्येक दशकं विकली गेली. 2017 मध्ये मिसूरी राज्याच्या कृषी खात्याने अशी तेलं तपासली, तेव्हा अनेकांचा दाटपणा आणि संरक्षक रसायनं गरजेपेक्षा कमी निघाली. तिथे विक्री थांबली आणि पुढे खटलेही चालले. डब्यावर ‘सर्व ट्रॅक्टरांना चालेल’ असं लिहिलेलं दिसलं की मला ही बादली आठवते. कोणत्या निकषाला उतरतं, आणि तो निकष आज जिवंत आहे का, एवढं तरी पाहावं.

दरम्यान छोटा ट्रॅक्टर आला. जपानच्या भातखाचरांसाठी बनलेली कुबोटा, यानमार, इसेकी यांची यंत्रं बाहेर जाऊ लागली. कुबोटाचा एल200 अमेरिकेत 1969 मध्ये पोचला. जॉन डिअरचे छोटे 850 आणि 950 सुद्धा यानमारनेच बनवले होते. याच सुमारास हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारी रचना, ट्रॅक्टरात रुजू लागलं. 1967 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने आपल्या 656 या ट्रॅक्टरमध्ये ते दिलं. गिअर बदलण्याऐवजी पेडल दाबायचं, पुढे किंवा मागे. त्या पेडलखाली जॅनीचीच तिरकी तबकडी असते. तिच्या पिस्टन आणि सिलिंडरमधलं अंतर मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. 9एनला जो चुरा चालून जाई तो इथे चालत नाही. लिफ्ट, गिअर आणि ब्रेक यांच्या जोडीला आता चाकं फिरवण्याचं कामही त्याच तेलाकडे आलं.

सगळ्या कामांना पुरं पडणाऱ्या या तेलाला यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) म्हणतात. निव्वळ हायड्रॉलिक ऑइलमध्ये ब्रेकसाठीचं रसायन नसतं, म्हणून आयएसओ 68 ओतलं तर लिफ्ट छान चालते आणि ब्रेक ओरडू लागतात. जीएल-5 या जास्त दाबासाठीच्या गिअर ऑइलमधली तीव्र रसायनं पंपातल्या पितळी-कांस्य भागांना बाधू शकतात. डब्यावरच्या आकड्यांवर जाऊन भागत नाही, कारण मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. एकच यूटीटीओ इंजिन ऑइलच्या पट्टीवर 10डब्ल्यू-30 आणि गिअर ऑइलच्या पट्टीवर 80डब्ल्यू असू शकतं. आयएसओची पट्टी 1975 ची, आणि ती फक्त 40 अंश सेल्सिअसला मोजते. गोठत्या सकाळी तेल कसं वागेल याबद्दल ती गप्प असते.

बदलण्याची रीतही याच इतिहासातून आली. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं फिल्टर बऱ्याच मॅन्युअलमध्ये 50 तासांनाच बदलायला सांगतात, कारण नवे दात एकमेकांवर बसताना सर्वाधिक चुरा तेव्हाच सुटतो. चुंबक असलेला ड्रेन प्लग काढला की त्यावर करडी, लोण्यासारखी पेस्ट दिसते, ती स्वाभाविक. बोटाला टोचणारा कण लागला तर मात्र शोध घ्यावा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा ब्रीदरमधून (हवा आतबाहेर होण्याच्या भोकातून) आत गेलेल्या दमट हवेचं किंवा गिअरच्या दांड्यावरच्या फाटक्या रबरी आवरणाखालून झिरपलेलं. जोडलेल्या घरांमुळे तळाला एकाहून अधिक प्लग असतात. एकच उघडला तर जुनं तेल बरंच आत राहतं आणि मॅन्युअलमधलं माप भरताना वर येतं. भरल्यावर इंजिन चालू करून लिफ्ट चारदा वरखाली करावी, मग लिफ्टचे हात खाली सोडून सपाट जागेवर डिपस्टिक पाहावी. ते हात वर असताना पाहिलं तर सिलिंडरमधलं तेल मोजलंच जात नाही आणि वरून जादा ओतलं जातं.

फोर-व्हील ड्राइव्हच्या पुढच्या अ‍ॅक्सलला हे काही लागू नाही. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत त्याचं तेल आजही वेगळं असतं, त्याचा प्लग वेगळा आणि मापही वेगळं. तिथे ना पंप ना ब्रेक, त्यामुळे पुष्कळ कंपन्या तिथे 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल खुशाल चालवून घेतात.