ठेवीवरचे क्रेडिट कार्ड आणि प्रीपेड कार्ड: आधी भरलेले पैसे कुठे जातात?

ही दोन्ही कार्डे हाती येण्याआधी पदरचे पैसे द्यावे लागतात, दोन्ही दिसायला सारखी असतात आणि दुकानातल्या यंत्रावर दोन्ही सारखीच चालतात. ज्याने आजवर कधी कर्ज घेतलेले नाही, किंवा जुन्या थकबाकीमुळे ज्याला साधे क्रेडिट कार्ड नाकारले गेले आहे, असा माणूस ठेव देऊन सुरक्षित क्रेडिट कार्ड घेतो आणि मग अगदी स्वाभाविकपणे ते प्रीपेड कार्डासारखे वापरू लागतो. महिन्याभराने बिल आले की त्याला प्रश्न पडतो: मी पैसे तर आधीच भरले होते, मग हे बिल कसले? हा प्रश्न मला भाबडा वाटत नाही. अर्ज भरून घेताना या एका मुद्द्यावर ग्राहकाशी दोन मिनिटे बोलले गेले असते, तर पुढचे व्याज, दंड आणि बिघडलेली पत यांतले बरेच काही टळले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रीपेड कार्डात भरलेली रक्कम हीच खर्चाची रक्कम असते. 10,000 भरले आणि 3,000 ची खरेदी केली, तर कार्डावर 7,000 उरतात. या व्यवहारात कोणी कोणाला उसने दिलेले नाही, त्यामुळे बिल नाही, देय तारीख नाही आणि व्याजही नाही. सुरक्षित क्रेडिट कार्डात तेच 10,000 ठेव म्हणून बँकेकडे बाजूला राहतात. बँक त्या ठेवीवर आपला बोजा नोंदवते आणि त्या आधारावर कार्डाची मर्यादा ठरवते. ही मर्यादा काही ठिकाणी ठेवीएवढीच, तर काही ठिकाणी ठेवीपेक्षा थोडी कमी असते. आता 3,000 ची खरेदी केली तरी ठेव 10,000 चीच राहते, कारण दुकानदाराचे पैसे बँकेने आपल्या खिशातून चुकते केलेले असतात आणि ते 3,000 तुम्ही बँकेला देणे लागता. दागिना गहाण ठेवून कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता काही त्या दागिन्यातून कापला जात नाही. तो वेगळा भरावा लागतो, आणि दागिना केवळ कर्ज बुडालेच तर सावकाराच्या हाती हुकमी वस्तू असावी म्हणून तिजोरीत पडून राहतो. कार्डामागची ठेव नेमकी याच जागी असते.

बँक ठेवीला हात लावते ती बिल थकून, स्मरणपत्रे जाऊन, खाते बुडीत निघण्याच्या बेतात आल्यावर. येथे दुसरा गैरसमज डोके वर काढतो. बिल राहिले तर राहिले, बँक ठेवीतून वळते करून घेईल आणि प्रकरण मिटेल, असे अनेकांना वाटते. बँक पैसे वळते करून घेते हे खरे, पण तोवर प्रत्येक चुकलेल्या देय तारखेमागे विलंब शुल्क आणि व्याज जमा झालेले असते आणि हप्ते थकल्याची नोंदही पतमाहिती संस्थेकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, पोहोचलेली असते. ठेव संपूनही देणे उरले, तर तेवढ्या रकमेसाठी बँक तुमच्या मागे लागू शकते. ठेवीमुळे बँकेचे नुकसान टळते. तुमची पत मात्र तिच्यामुळे वाचत नाही.

व्याजाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, कार्डाचे व्याज महिन्याला 3 टक्के आहे आणि 8,000 ची बाकी पुढच्या महिन्यात ओढली गेली. त्या एका महिन्याचे व्याज साधारण 240 होते. त्याच वेळी 10,000 च्या ठेवीवर वर्षाला 6 टक्के व्याज मिळत असेल, तर महिन्याची कमाई 50 भरते. म्हणजे स्वतःचे 10,000 बँकेत असताना त्याहून कमी रक्कम तुम्ही जवळपास पाचपट व्याज मोजून वापरत असता. शिवाय पूर्ण बिल भरले नाही, तर बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतच हातची जाते आणि पुढच्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. बिलावर ठळक छापलेली किमान देय रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. कार्डावरून रोख रक्कम काढल्यास तर बिनव्याजी मुदत बहुधा मिळतच नाही, वर वेगळे शुल्क लागते. प्रीपेड कार्डातून रोख काढतानाही काही वेळा शुल्क पडते, पण ते तेवढ्यावर थांबते. वाढत जात नाही.

मग एवढी जोखीम पत्करून कोणी सुरक्षित कार्ड का घ्यावे, याचे उत्तर परतफेडीच्या नोंदीत आहे. प्रीपेड कार्डाने दहा वर्षे चोख व्यवहार केले तरी त्यातून पत तयार होत नाही, कारण त्यात परतफेड नावाची गोष्टच घडत नाही. सुरक्षित कार्डाचे प्रत्येक वेळेवर भरलेले बिल मात्र बहुधा इतर कर्जासारखेच पतमाहिती संस्थेकडे नोंदले जाते. अशा नोंदींवरून माणसाचा पतगुणांक काढला जातो. भारतात सिबिल या पतमाहिती संस्थेचा गुणांक 300 ते 900 या पट्ट्यात असतो, अमेरिकेत प्रचलित असलेला फायको गुणांक 300 ते 850 या पट्ट्यात. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचा गुणांक कमी नसतो. तो मुळात तयारच झालेला नसतो. फायकोच्या पद्धतीत किमान एक खाते सहा महिने जुने झाल्याशिवाय गुणांक निघत नाही. म्हणून कार्ड घेण्याआधी बँकेला विचारलेच पाहिजे असे काही असेल, तर ते हे की परतफेडीची नोंद पतमाहिती संस्थेकडे नियमितपणे पाठवली जाते का. उत्तर नकारार्थी असेल, तर त्या कार्डासाठी ठेव अडकवून ठेवण्यात पत उभारण्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही.

लहान मर्यादेचा खरा पेच यानंतर सुरू होतो, आणि प्रीपेडची सवय तिथेच सर्वांत जास्त नडते. प्रीपेड कार्ड शेवटच्या पैशापर्यंत वापरले तरी काही बिघडत नाही. भरलेले पैसे संपवण्यासाठीच असतात. क्रेडिट कार्डाची मर्यादा मात्र संपवण्यासाठी नसते. पतगुणांक काढताना मर्यादेचा किती हिस्सा वापरला आहे, हे प्रमाण पाहिले जाते. फायकोच्या गणितात परतफेडीच्या इतिहासाला साधारण 35 टक्के वजन आहे आणि देणे असलेल्या रकमांना साधारण 30 टक्के. वापराचे प्रमाण या दुसऱ्या भागात मोडते. 1,00,000 मर्यादा असलेल्याने महिन्यात 6,000 खर्च केले, तर त्याचे प्रमाण 6 टक्के दिसते. 10,000 मर्यादा असलेल्याने तेवढेच खर्च केले, तर ते 60 टक्के दिसते. दोघांची गरज तीच, शिस्तही तीच, पण नोंदीत दुसरा माणूस कर्जाने गांजलेला भासतो. हे मला अन्यायाचे वाटते, कारण लहान मर्यादा बहुतेकदा त्यालाच मिळते ज्याला पत उभी करण्याची सर्वांत जास्त गरज असते; पण नियम असा आहे हे माहीत असले, तर त्यातून वाट काढता येते.

ती वाट दोन तारखांमधून जाते. स्टेटमेंट ज्या दिवशी तयार होते ती एक तारीख आणि बिल भरण्याची शेवटची, म्हणजे देय तारीख ही दुसरी. पतमाहिती संस्थेकडे जाणारी बाकी बहुधा स्टेटमेंटच्या वेळची असते. त्यामुळे 10,000 पैकी 8,000 वापरून देय तारखेच्या आधी संपूर्ण बिल भरणाऱ्या माणसाला व्याज एका पैशाचे लागत नाही, पण नोंदीत 80 टक्के वापर दिसून जातो, आणि सगळे वेळेवर भरूनही गुणांक का उतरला, या कोड्यात तो पडतो. स्टेटमेंट निघण्याच्या तीन-चार दिवस आधी 6,500 भरून टाकले, तर स्टेटमेंटवर 1,500 ची बाकी येते आणि तेवढीच नोंदली जाते. प्रमाण 30 टक्क्यांच्या खाली ठेवावे असे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा अंदाजाने पाळायचा आहे, तो लक्ष्मणरेषा नव्हे. प्रमाण जितके कमी, तितके बरे. एखाद्या महिन्यात ते वाढले म्हणून खचून जाण्याचेही कारण नाही, कारण प्रचलित पद्धतींपैकी बऱ्याच पद्धती ताज्या नोंदीतली बाकी पाहतात आणि पुढच्या महिन्यात ती उतरली की गुणांकही सावरतो. चुकलेल्या हप्त्याचे तसे नसते. ती नोंद वर्षानुवर्षे मागे राहते.

या संदर्भात आणखी एक समज फार पसरलेला आहे, तो म्हणजे थोडी बाकी ठेवून व्याज भरले की पत लवकर वाढते. तसे होत नाही. व्याजाचे उत्पन्न बँकेला मिळते. तुमच्या गुणांकाला त्याचा उपयोग नाही. दर महिन्याला येणारे एखादे लहान, ठरलेले बिल या कार्डावर लावावे आणि बचत खात्यातून संपूर्ण बाकी आपोआप भरली जाईल अशी सूचना बँकेला द्यावी, एवढी योजना पुरते. सूचना देताना किमान रकमेचा पर्याय निवडला जाणार नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

मर्यादा लहान असली की काही अडचणी खर्च न करताही उभ्या राहतात. हॉटेलात खोली घेताना किंवा गाडी भाड्याने घेताना संभाव्य खर्चापोटी काही रक्कम रोखून धरली जाते, आणि खरेदी झालेली नसली तरी मर्यादेतली तेवढी जागा अडून बसते. प्रीपेड कार्डावर हाच प्रकार अधिक जाचक ठरतो, कारण तिथे प्रत्यक्ष आपलेच पैसे अडकतात. वार्षिक शुल्काचेही असेच आहे. ते कार्डाच्या खात्यावरच टाकले जाते, त्यामुळे लहान मर्यादेचा लक्षणीय भाग त्यातच जाऊ शकतो, आणि कार्ड वापरलेच नाही म्हणून स्टेटमेंट न पाहणारा माणूस केवळ या शुल्कापायी थकबाकीदार ठरू शकतो. अमेरिकेत 2009 च्या क्रेडिट कार्ड कायद्याने पहिल्या वर्षातील शुल्कांना, दंडाची शुल्के वगळून, मर्यादेच्या 25 टक्क्यांची अट घातली, यावरून हा त्रास किती खरा होता हे कळते. प्रीपेड कार्डांवर शुल्के वेगळ्या नावांनी येतात: पैसे भरण्याचे, शिल्लक पाहण्याचे, बराच काळ न वापरल्याचे.

एवढे असूनही प्रीपेड कार्डाला मी कमी लेखत नाही. ज्याला हातातला खर्च आवरत नाही, किंवा घरच्या मुलाला ठरावीक रक्कमच द्यायची आहे, त्याच्यासाठी भरल्यापेक्षा एक पैसाही जास्त खर्च न होऊ देणारे कार्ड हेच योग्य साधन आहे. पंचाईत होते ती नावांवरून. पत उभारून देण्याचे आश्वासन देणारी काही कार्डे या दोहोंच्या मधली असतात. त्यांत आधी पैसे भरावे लागतात, खर्चही तेवढाच करता येतो, पण मागे एक कर्जखाते चालवले जाते. अशा कार्डाचे नाव बाजूला ठेवून महिनाअखेरीस बिल येते का, ते न भरल्यास व्याज लागते का आणि नोंद पतमाहिती संस्थेकडे जाते का, हे विचारले की ते कोणत्या बाजूला झुकते हे कळते.

पैसे परत मिळण्याची रीतही दोन्हीकडे वेगळी आहे. प्रीपेड कार्ड बंद केले, तर उरलेली शिल्लक शुल्क वजा करून परत मिळते. सुरक्षित कार्डाची ठेव मात्र सर्व बाकी चुकती होऊन, उशिरा येणारे व्यवहारही जमा झाल्यानंतरच मोकळी होते, आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. म्हणून वर्षभर चोख परतफेड झाल्यावर कार्ड थेट बंद करण्याऐवजी त्याच खात्याचे रूपांतर साध्या क्रेडिट कार्डात करून मिळेल का, हे आधी विचारावे. बँक तयार झाली तर ठेव हाती येते आणि खात्याचे वयही पहिल्या दिवसापासून मोजले जात राहते.