टीव्हीखालची अक्षरं : लावायची कशी, चुकतात का आणि तरी का ठेवायची

नमस्कार. आमच्या दुकानातून टीव्ही घेतलेल्या किंवा दुरुस्त करून नेलेल्या प्रत्येक घरासाठी हे पत्रक आहे. घरातल्या ज्येष्ठांना मोठ्याने वाचून दाखवलंत तर जास्त बरं.

"टीव्हीचा आवाज बसलाय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत सोलापूरच्या पूर्व भागातली, यंत्रमागावर काम केलेली वडीलधारी मंडळी फार असतात. स्पीकर तपासावा तर ठणठणीत. आवाज वाढवून दाखवला तरी म्हणणं तेच: "आवाज येतोय हो, पण काय बोलल्यात तेच कळंना." हे म्हणणं अगदी खरं आहे आणि त्याचं कारण टीव्हीत नाही. यंत्रमागाच्या शेडमधला धोट्याचा खडखडाट सहज 90 डेसिबलच्या वर जातो. त्या आवाजात वर्षानुवर्षं पाळ्या केल्या की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, 4000 हर्ट्झच्या आसपासचे. स, श, च, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत पटते. स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्यामुळे ऐकू येत राहतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण साठ म्हणाला की आठ, ते कळत नाही. वयाने कमी झालेल्या ऐकण्याचंही बहुतेक असंच असतं.

अशा वेळी आवाज वाढवून उपयोग होत नाही. मागचं संगीतही तेवढंच वाढतं, शेजारी वैतागतात आणि दहावीचं पोरगं पुस्तक घेऊन गच्चीवर जातं. कान एकदा सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जरूर तपासून घ्या. आणि टीव्हीवर खालची अक्षरं चालू करा. कुणी त्यांना सबटायटल म्हणतं, कुणी सीसी, म्हणजे क्लोज्ड कॅप्शन. सीसीमध्ये संवादाबरोबर दार वाजलं, फोन वाजला, कुणी हसलं हेही लिहिलेलं येतं, कारण ती मुळात ऐकू न येणाऱ्यांसाठी बनली.

ती लावायची कशी? स्मार्ट टीव्हीवर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी आणि त्यात कॅप्शन्स शोधा. काही कंपन्यांच्या टीव्हीत नावं आणि जागा थोड्या वेगळ्या असतात. अक्षरांचा आकार आणि रंगही तिथेच बदलता येतो. आमचा सल्ला: काळ्या पट्टीवर पिवळी किंवा पांढरी अक्षरं आणि आकार मोठा. मोतीबिंदू झालेल्यांना नुसत्या चित्रावर उमटलेली पांढरी अक्षरं दिसत नाहीत, मागे पांढरं धोतर आलं की ओळच गायब होते. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना रिमोटचं वरचं किंवा मधलं बटण दाबलं की सीसीची खूण दिसते. चित्रपटांच्या ॲपमध्ये ऑडिओ आणि सबटायटल असा पर्याय असतो. केबलच्या किंवा डिशच्या बॉक्सवर मात्र आपल्या बहुतेक मराठी मालिकांना ही अक्षरं अजून येत नाहीत. बटण दाबून काही दिसलं नाही तर टीव्ही बिघडला असं समजू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती सर्वांपर्यंत पोचवण्याची तरतूद आहे आणि 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्ही कार्यक्रमांसाठी मानकंही ठरवली, पण रोजच्या मालिकेपर्यंत ते पोचायला वेळ लागतोय. तुमच्या आवडत्या वाहिनीकडे मागणी करत राहा. मागितल्याशिवाय हे होणार नाही असं आमचं मत आहे.

अमेरिकेत ही सोय नियमितपणे मार्च 1980 मध्ये सुरू झाली. चित्राच्या ज्या रेघा पडद्यावर दिसत नाहीत त्यातल्या एकविसाव्या रेघेत ती अक्षरं लपवून पाठवायचे, आणि वाचायला वेगळा डबा विकत घ्यावा लागे. जुलै 1993 पासून तिथे 13 इंच आणि त्याहून मोठ्या नव्या टीव्हीत ती सोय आतच बसवणं कायद्याने भाग पडलं.

आता चुकांविषयी, कारण दोन दिवस अक्षरं लावून तिसऱ्या दिवशी बंद करणारे सगळे ग्राहक हेच कारण सांगतात. "काहीच्या काही लिहितंय बे ते!"

लिहितं खरं. उजनीच्या बातमीत "सजनी धरणातून पाणी सोडले" असं एका काकांनी वाचलं आणि घरभर हशा झाला. "बार्शीला जाणारी बस" ही "बारशाला जाणारी बस" झाली. शेंगाचटणीची "सिंगापूर चटणी" झाली, तर गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज "नंदी धावत" निघाले. हे सगळं ग्राहकांनी आम्हाला मोबाईलवर फोटो काढून दाखवलेलं आहे, आणि आम्हीही पोट धरून हसलो आहोत.

यूट्यूबवरची अशी अक्षरं बहुतेक वेळा माणूस लिहीत नाही, यंत्र लिहितं. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याने आधी पुष्कळ बोलणं आणि त्याचं लिखाण जोडीने पाहिलेलं असतं, त्यावरून कानावर आलेल्या आवाजाला सर्वात जास्त वेळा भेटलेला शब्द ते लावून टाकतं. सजनी हा शब्द गाण्यांमधून त्याला हजारदा भेटलेला असणार, उजनी क्वचित. म्हणून गावांची नावं, आडनावं, देवांची नावं आधी चुकतात. त्यात आपलं सोलापूर! एका वाक्यात मराठी, मधे कन्नड, तेलुगू शेजारणीची हाक, वर हिंदी, आणि "काय करायलास बे" ही आपली बोली. कित्येकदा यंत्र सबंध मराठी बोलणं हिंदी समजून लिहायला घेतं आणि मग एकही ओळ धड येत नाही. दोघं एकदम बोलले किंवा मागे हलगी वाजत असली तरी तेच. पावसाच्या आवाजाला ते कधी टाळ्या समजतं.

माणसं लिहितात तेव्हाही चुका होतात, पण वेगळ्या. थेट कार्यक्रमात काही ठिकाणी एक माणूस शांत खोलीत बसून ऐकलेलं वाक्य स्वच्छ उच्चारात पुन्हा बोलतो, स्वल्पविराम, पूर्णविराम हेसुद्धा तोंडाने म्हणतो, आणि यंत्र त्याचं बोलणं टिपतं. म्हणून बातम्यांची अक्षरं काही सेकंद मागे असतात. बीबीसीच्या थेट कार्यक्रमात श्रद्धांजलीच्या वेळी सायलेन्सच्या जागी व्हायलन्स उमटल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. शांतता पाळायची सोडून हिंसा! त्या माणसाला दोष देऊ नका. परत वाचून पाहायला त्याला वेळच नसतो.

आधीच तयार झालेल्या चित्रपटांची अक्षरं सर्वात चांगली असतात. तिथे ओळ छोटी केलेली दिसली तर ती चूक नाही. इंग्रजी अक्षरांसाठी नेटफ्लिक्सचा नियम एका ओळीत 42 अक्षरचिन्हं आणि एका वेळी दोनच ओळी असा आहे. बोलणारा भरभर बोलला तर लिहिणाऱ्याला काटछाट करावीच लागते, नाहीतर वाचून होण्याआधी ओळ निघून जाईल.

म्हणून आमची विनंती एवढीच: यंत्राची अक्षरं बघून हसा, पण बंद करू नका. ज्याचे कान अर्धे ऐकतात तो अर्धं कानाने आणि अर्धं डोळ्यांनी घेतो. चुकलेल्या ओळीतही संदर्भ सापडतो. औषधाचं नाव, डोस, फोन नंबर, पैशाचा आकडा मात्र यंत्राच्या अक्षरांवरून कधीही लिहून घेऊ नका. ते दुसरीकडे पडताळा.

लहान मुलांच्या घरी तर अक्षरं जरूर ठेवा. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी 1996 मध्ये एक विचार मांडला: गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेतले शब्द खाली दाखवले, तर पाठ असलेल्या गाण्यावरून लोक वाचायला शिकतील. पुढे दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत ते करूनही झालं. आपल्याकडे घरी तेलुगू आणि शाळेत मराठी अशी मुलं गल्लोगल्ली आहेत. मराठी गाणी अक्षरांसह लावा. मुलांना वाचायला शिकायला मदत होते.

पेनड्राइव्हवरून चित्रपट बघणाऱ्यांसाठी एक सूचना. अक्षरांची फाइल एसआरटी प्रकारची असते. तिचं नाव चित्रपटाच्या फाइलसारखंच हवं आणि ती यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली हवी, नाहीतर मराठीऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. काही जुन्या टीव्हींत देवनागरीची जोडाक्षरं नीट बसत नाहीत, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. सॉफ्टवेअर अपडेट करून काही वेळा हे सुटतं, काही मॉडेलमध्ये सुटतच नाही. तसं असलं तर आम्ही स्पष्ट सांगू.

अक्षरं लावून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, टीव्ही दुसरीकडून घेतला असला तरी. टीव्ही उचलून आणायची गरज नाही, रिमोटचा आणि टीव्हीच्या मागच्या मॉडेल नंबरचा फोटो पुरे. ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांनाच शक्यतो सोबत आणा. अक्षरांचा आकार त्यांच्या डोळ्यांना बघून ठरवायचा असतो.